रेडिसमधे प्रत्येक गोष्टीला वेगळा आयडी कसा द्यायचा

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या टेबलवाल्या डेटाबेसवरून रेडिसवर (मेमरीत राहणारा डेटाबेस) आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऑटो इन्क्रिमेंट कुठंय?", म्हणजे प्रत्येक नवीन ओळीला आपोआप पुढचा नंबर देणारी सोय. तर नाहीये. रेडिसमधे टेबलच नाही तर त्याला प्रायमरी की कुठून येणार, तिथे फक्त एक नाव (यालाच की म्हणतात) आणि त्या नावाखाली ठेवलेली वस्तू, एवढंच. आणि दोन वस्तूंना चुकून एकच नाव दिलंत तर रेडिस कुरकुर करत नाही, गुपचूप जुन्यावर नवीन लिहून मोकळा होतो. म्हणजे आयडी बनवणं हे तुमचं काम. काम तसं दोन ओळींचंय, पण त्या दोन ओळींनी मला एकदा चांगलं तोंडावर पाडलंय, ते पुढे सांगतोच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. कमांडची नावं मी इथे आपण बोलतो तशी लिहितोय, इन्कर, एचसेट वगैरे, टर्मिनलवर ती इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायची आणि आकडेही इंग्रजीच. काउंटरमधे (शेवटचा वाटलेला नंबर ठेवलेली की) कोणी हौसेने देवनागरी "४१" ठेवलं तर रेडिसच्या लेखी तो आकडाच नाही, पुढच्या इन्करला एरर येणार. कीचं नाव मात्र मराठीत दिलं तरी चालतं बरं का, रेडिसला नुसते बाइट दिसतात, भाषा दिसत नाही, फक्त रेडिस सीएलआयमधे (टर्मिनलवर कमांड टाकायचा प्रोग्रॅम) बघताना अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश एक्सची लांबलचक माळ येते, तेव्हा सीएलआय डॅश डॅश रॉ लावून सुरू करायचा. खालच्या उदाहरणात मराठी की आहेत, प्रॉडक्शनमधे मी पण इंग्रजीच ठेवतो, प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला ३-३ बाइट कशाला घालवा. तुमच्याकडे रेडिसऐवजी व्हॅल्की असेल (२०२४ मधे रेडिसचं लायसन्स बदललं तेव्हा वेगळं निघालेलं भावंड) तरी यातलं सगळं जसंच्या तसं चालेल.

पायरी १: आधी चूक करून बघा

उदाहरण घेऊ मेसचं. पुण्यातल्या मेसची यादी आहे, नवीन मेस आली की तिला पुढचा नंबर द्यायचा. नवीन माणूस काय लिहितो:

गेट मेस:शेवटचा_आयडी
(कोडमधे १ मिळवा)
सेट मेस:शेवटचा_आयडी ४२

लॅपटॉपवर झकास चालतं, कारण लॅपटॉपवर तुम्ही एकटेच. सर्व्हरवर ॲपच्या दोन प्रोसेस असतात, पहिलीने वाचलं ४१, ती एक मिळवेपर्यंत दुसरीनेही वाचलं ४१, दोघींनी लिहिलं ४२, आणि दोन मेस ४२ नंबर घेऊन बाहेर पडल्या. वाचणं आणि लिहिणं यांच्यात जी फट आहे ना, सगळा घोळ तिथे. आणि हा रोज दिसत नाही, महिन्यातून एखाद दिवशी गर्दीच्या वेळी होतो, लॉगमधे काही सापडत नाही आणि मग लोक नेटवर्कला शिव्या घालतात.

पायरी २: इन्कर

इन्कर मेस:शेवटचा_आयडी

झालं. की नसेल तर रेडिस ती ० धरतो, एक मिळवतो, ठेवतो आणि नवीन आकडा परत देतो, म्हणजे पहिल्यांदा १ येणार. वाचणं, मिळवणं, लिहिणं हे सगळं एकाच कमांडच्या पोटात, आणि रेडिस कमांड चालवतो एकाच थ्रेडवर, एकामागून एक, त्यामुळे मधे कोणी घुसू शकत नाही. बँकेतल्या टोकनच्या मशीनसारखं, बटण कितीही जणांनी एकदम दाबलं तरी चिठ्ठ्या एकेकच निघतात.

खात्री करायची असेल तर आधी ही की डेलने पुसा, मग दोन टर्मिनल उघडा, दोन्हीकडे सीएलआयला डॅश आर १००० देऊन हीच इन्कर चालवा (डॅश आर म्हणजे इतक्या वेळा परत परत कर), दोन्ही संपल्यावर गेट करा, बरोबर २००० दिसलं पाहिजे. मग हेच पायरी १ च्या पद्धतीने छोट्या स्क्रिप्टमधे करून बघा, २००० ला पोचला तर मला सांगा.

आकडा संपेल का ही भीती सोडून द्या. ६४ बिटचा चिन्हासकट आकडा आहे, कमाल ९,२२३,३७२,०३६,८५४,७७५,८०७. सेकंदाला १ लाख आयडी वाटत बसलात तरी २९ लाख वर्षं पुरेल. खरा अडथळा ब्राउझरमधे आहे, जावास्क्रिप्टला ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक धड धरता येत नाहीत, शेवटचे आकडे बदलून जातात. साध्या काउंटरने तुम्ही तिथवर जन्मात पोचत नाही, पण खाली स्नोफ्लेक या लांब आयडीची गोष्ट येईल तिथे हे लागेल.

पायरी ३: वस्तू ठेवा, पण दार वाजवून

नंबर मिळाला की तो कीच्या नावात घालायचा, प्रकार मग कोलन मग नंबर, अशी सगळीकडची पद्धत आहे, आणि एचसेटने एका कीखाली अनेक फील्ड ठेवता येतात:

एचसेट मेस:४२ नाव "अन्नपूर्णा" प्रकार "शाकाहारी" दर ८०

प्रत्येक प्रकाराला वेगळा काउंटर ठेवा, मेसचा वेगळा, ऑर्डरचा वेगळा. एकच काउंटर सगळ्यांना वापरला तरी बिघडत नाही पण मग डीबग करताना मेस ७, त्यानंतर एकदम मेस ९३१२ असं दिसतं आणि डोकं फिरतं.

हे दोन्ही मल्टी-एक्झेकमधे (अनेक कमांड एकगठ्ठा चालवायची सोय) गुंडाळू असं वाटेल, पण तिथे इन्करला उत्तर "रांगेत लावलं" एवढंच येतं, आकडा शेवटी एक्झेक झाल्यावर कळतो, मग पुढच्या एचसेटमधे तो घालणार कसा? लुआ स्क्रिप्टमधे (रेडिसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम) जमतं, पण क्लस्टर (डेटा अनेक रेडिसवर वाटलेला) असेल तर स्क्रिप्टने ज्या की वापरायच्या त्या आधीच सांगाव्या लागतात आणि इथे तर कीचं नाव स्क्रिप्टच्या आत ठरतंय. माझं मत, नसता खटाटोप करू नका. आधी इन्कर, मग एचसेट, दोन वेगळ्या कमांड. मधे ॲप मेलं तर एक नंबर वाया गेला, जाऊदे.

फक्त जिथे नंबर सलग हवेतच, तिथे हा प्रकार वापरू नका. जीएसटीच्या बिलाला त्या आर्थिक वर्षापुरता वेगळा आणि सलग क्रमांक लागतो, १६ अक्षरांच्या आत, तिथे ११७ नंतर थेट ११९ आलं की सीए ११८ कुठंय विचारणार. तो नंबर मुख्य डेटाबेसमधे, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमधे काढा.

आता दार वाजवणं म्हणजे काय. एचसेटच्या आधी ही एक ओळ टाका:

एचसेटएनएक्स मेस:४२ बनवली_तारीख "२०२५-०६-१४"

हे फील्ड तिथे आधीच असेल तर उत्तर ० येतं आणि काही लिहिलं जात नाही. ० आलं की कोडने तिथेच थांबायचं, बोंब मारायची, पुढचा एचसेट करायचाच नाही. ही ओळ मला ज्या दिवशी कळली तो दिवस आता सांगतो.

पायरी ४: काउंटर हरवू देऊ नका

असंच मेसचं एक छोटं ॲप आम्ही तिघांनी केलेलं, मेसची माहिती आणि लोकांची लॉगिन सेशन एकाच रेडिसमधे, मेमरीची मर्यादा लावलेली, आणि मेमरी भरली तर काय टाकून द्यायचं याचं धोरण मी कुठल्यातरी ट्युटोरियलमधून उचललेलं, ऑलकीज-एलआरयू. म्हणजे जे सगळ्यात जास्त दिवस कोणी हात लावला नाही ते फेका, कुठलीही की असो. मेसच्या नोंदी लोक रोज बघायचे त्यामुळे त्या ताज्या. काउंटरला मात्र नवीन मेस आली तरच हात लागायचा, आठ-दहा दिवसांतून एकदा. कॉलेजं सुरू झाली, सेशन वाढली, मेमरी भरली आणि रेडिसने माझ्या सांगण्यावरूनच सगळ्यात शिळी की उचलून फेकली. काउंटर.

दुसऱ्या दिवशी एका बिर्याणीवाल्याने नाव नोंदवलं. इन्करला की सापडली नाही, त्याने ० धरलं, नंबर दिला १. मेस:१ होती आमच्या पहिल्या काकूंची, शुद्ध शाकाहारी, गुरुवारी साबुदाणा खिचडी. एचसेट जुनी नोंद पुसत नाही, दिलेली फील्ड तेवढी बदलतो, बाकीची तशीच ठेवतो, त्यामुळे नाव आणि मेनू बिर्याणीवाल्याचा आणि यूपीआय आयडी काकूंचा, कारण त्याने तो अजून भरलाच नव्हता. दुपारी काकूंचा फोन, "अहो, मला कोणीतरी सारखे दीडशे-दीडशे रुपये पाठवतंय आणि खाली चिकन लिहिलंय." मला वाटलं काकू दुसऱ्या कुठल्या ॲपबद्दल बोलतायत. अर्धा तास मी त्यांनाच समजावत होतो.

तर, करायचं काय. कॅशेसारख्या फेकता येणाऱ्या गोष्टी आणि खरा डेटा यांचे रेडिस वेगळे ठेवा. काउंटर ज्या रेडिसमधे आहे तिथे मॅक्समेमरी-पॉलिसी नोइव्हिक्शन ठेवा (मुळात डीफॉल्ट तीच असते, माझ्यासारखे लोक हौसेने बदलतात), मग मेमरी भरल्यावर लिहिताना एरर येईल पण डेटा तरी गुपचूप जाणार नाही. अगदीच एकत्र ठेवायचं असेल तर व्होलाटाइल-एलआरयू, ती फक्त मुदत लावलेल्या कींना हात लावते, मग सेशनला मुदत लावा आणि काउंटरला चुकूनही लावू नका.

आणि काउंटर मागे गेलाच तर दुरुस्त करताना सेटने आकडा टाकू नका, तुम्ही मोठ्यात मोठा आयडी शोधेपर्यंत चालू ॲपने पुढचे नंबर वाटलेले असतात आणि तुमचा सेट काउंटरला परत मागे ओढतो. इन्करबाय वापरा, ती फक्त मिळवते. स्कॅनने मेस:* फिरून सगळ्यात मोठा नंबर काढा (कीज कमांड चालू सर्व्हरवर नको, संपेपर्यंत बाकी सगळ्यांना खोळंबून ठेवते), समजा ३८७ निघाला, तर इन्करबाय ५०० करून मोकळे व्हा. नंबर फुकट जातात तर जाऊदेत.

पायरी ५: रीस्टार्ट आणि फेलओव्हर

रेडिस मेमरीत राहतो, डिस्कवर अधूनमधून उतरवतो. नव्या व्हर्जनचं डीफॉल्ट असं की तासाभरात एक जरी बदल झाला, ५ मिनिटांत १०० झाले किंवा मिनिटात १०,००० झाले तर स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या डेटाची डिस्कवर प्रत. म्हणजे कमी वर्दळीच्या साइटवर मशीन अचानक गेलं तर जवळजवळ तासाभराचं गेलं. एओएफ (अपेंड ओन्ली फाइल) चालू केलं तर प्रत्येक बदल फाइलमधे लिहिला जातो आणि डीफॉल्टने दर सेकंदाला डिस्कवर पक्का होतो, मग नुकसान साधारण सेकंदाचं.

इथे लोक म्हणतात, काउंटर मागे गेला तर वस्तूही गेल्याच ना सोबत, मग टक्कर कुठे होणार? रेडिसच्या आत नाहीच होणार, बरोबर आहे. पण तो आयडी तोवर बाहेर गेलेला असतो. कोणाच्या एसएमएसमधे ऑर्डर ५१०३ लिहिलंय, पेमेंट गेटवेकडे ५१०३ गेलंय, पोस्टग्रेसमधे ५१०३ ची ओळ पडलीय, आणि रेडिस उठून शांतपणे दुसऱ्या कोणालातरी ५१०३ देतो.

रेप्लिका (मुख्य सर्व्हर मेला तर त्याची जागा घेणारी प्रत, या बदलीलाच फेलओव्हर म्हणतात) असेल तरी तेच, कारण मुख्य सर्व्हर रेप्लिकाची वाट न बघता आधी उत्तर देऊन टाकतो, आणि नेमका त्या क्षणी मेला तर रेप्लिका थोड्या जुन्या आकड्यावरून सुरू करते. वेट कमांडने (रेप्लिकाकडे पोचेपर्यंत थांबते) धोका कमी होतो, संपत नाही.

उपाय सोपा आहे, उठल्यावर उडी मारा. रीस्टार्ट किंवा फेलओव्हर झाला की ॲपने पुन्हा आयडी वाटायच्या आधी प्रत्येक काउंटरवर एकदा इन्करबाय १०,०००. जेवढं हरवलं असू शकेल त्यापेक्षा उडी मोठी पाहिजे, एवढंच बघायचं. पोस्टग्रेसची सिक्वेन्स (तिथला काउंटर) पण असंच करते, ती ३२ नंबर पुढचे आधीच लॉगमधे लिहून ठेवते, क्रॅश झाला तर थोडे नंबर सोडून पुढे जाते, मागे कधी येत नाही.

पायरी ६: पावतीपुस्तकं वाटून द्या

ही पायरी बहुतेकांना लागत नाही, साध्या मशीनवरचा रेडिस सेकंदाला लाखाच्या आसपास इन्कर करू शकतो. पण प्रत्येक आयडीसाठी नेटवर्कवर एक फेरी होते, आणि एकदम ५० हजार वस्तू आत घ्यायच्या असतील तर त्या फेऱ्याच जास्त वेळ खातात.

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं निघतात तेव्हा प्रत्येक पावतीला खजिनदाराला फोन करून "पुढचा नंबर काय?" विचारतात का? नाही. खजिनदार पुस्तकं वाटतो, तुझं १ ते १००, तुझं १०१ ते २००, जा आता. तेच करायचं:

इन्करबाय ऑर्डर:शेवटचा_आयडी १०००

उत्तर आलं ५०००, तर ४००१ ते ५००० हे तुमचं पुस्तक, आता प्रोसेसच्या आत एकेक फाडत बसा, रेडिसला विचारायची गरज नाही. संपलं की नवीन पुस्तक. परत आलेला आकडा पुस्तकाचा शेवट धरायचा की सुरुवात (५००० ते ५९९९), दोन्ही चालतं, पण सगळ्यांनी एकच धरायला हवं, नाहीतर एक सर्व्हिस शेवट धरणार, दुसरी सुरुवात, आणि मग पावत्या एकमेकांवर चढणार. प्रोसेस मधेच मेली तर उरलेल्या पावत्या कोऱ्याच जातात, आणि आयडीवरून "हे आधी बनलं, ते नंतर" असं ठरवता येत नाही, कारण दुसरं पुस्तक घेतलेला पोरगा कदाचित आधी फिरून आलेला असतो.

पायरी ७: लोकांना दिसणारा नंबर वेगळा

सलग नंबर यूआरएलमधे दाखवलात की दोन गोष्टी होतात. एक, समोरचा दुकानदार सोमवारी एक ऑर्डर टाकतो, पुढच्या सोमवारी एक टाकतो, वजाबाकी करतो आणि तुमचा आठवड्याचा धंदा त्याला कळतो. दोन, कोणीतरी ४२ च्या जागी ४३ टाकून बघतो. दुसऱ्यावर खरा इलाज परवानगी तपासणं हाच आहे, आयडी अवघड करून कुलूप लावल्यासारखं होत नाही, पण उगाच आमंत्रण तरी कशाला द्या.

मी दोन आयडी ठेवतो. आत साधा नंबर, कारण तो लहान असतो आणि रेडिसलाही आवडतो, सेटमधले (सेट कमांड नव्हे, रेडिसमधला संच) सगळे सभासद पूर्णांक असले आणि सेट लहान असला (डीफॉल्टने ५१२ पर्यंत) तर तो ते दाटीवाटीने बसवून मेमरी वाचवतो. आणि बाहेर सहा अक्षरी रँडम कोड. अक्षरं आणि अंक मिळून ३६, त्यातून शून्य, ओ, एक आणि आय काढून टाकायचे, फोनवर सांगताना घोळ होतो, उरले ३२. बत्तीसचा सहावा घात म्हणजे १०७ कोटींच्या वर कोड. पुष्कळ वाटतात ना? पण साधारण साडेअडतीस हजार कोड वाटून झाले की त्यात कुठेतरी दोन सारखे असण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. त्यामुळे "रँडम आहे, जुळणार नाही" असं म्हणून सोडायचं नाही, नाव आधी राखायचं (एनएक्स म्हणजे की आधी नसेल तरच लिही):

सेट कोड:क७मप२र ४२ एनएक्स

(खऱ्या कोडमधे रोमन अक्षरं असतील.) ओके आलं तर कोड तुमचा, निल आलं तर आधीच कोणाचातरी आहे, दुसरा काढा, परत प्रयत्न. रँडम काढताना मॅथ डॉट रँडम नको, भाषेतलं क्रिप्टोवालं घ्या, पहिल्याचा अंदाज बांधता येतो.

बाकीचे पर्याय, पटकन

यूयूआयडी: १२८ बिट, लिहिलं की डॅशसकट ३६ अक्षरं. चौथ्या प्रकारात १२२ बिट रँडम, कोणाला न विचारता कुठेही बनवा, काउंटरच नाही त्यामुळे हरवायचा प्रश्न नाही. २०२४ च्या नवीन मानकात सातवा प्रकार आलाय, त्यात सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, म्हणून क्रमाने लागतो. आज नवीन काही सुरू करत असाल आणि आयडी लांब असण्याचं वावडं नसेल तर हाच घ्या, मी पण आता बऱ्याच ठिकाणी हाच घेतो. फक्त त्यातून बनवल्याची वेळ कोणालाही वाचता येते हे लक्षात असू द्या.

स्नोफ्लेक: ट्विटरने २०१० मधे आणलेलं. ४१ बिट वेळ, १० बिट मशीनचा नंबर, १२ बिट क्रम, म्हणजे एका मशीनवर एका मिलिसेकंदात ४०९६ आयडी, आणि वेळ पुरते ६९ वर्षं. हे आकडे जावास्क्रिप्टच्या त्या मर्यादेपलीकडे जातात, म्हणून ट्विटरला एपीआयमधे आयडी आकडा म्हणून आणि परत स्ट्रिंग म्हणून असा दोनदा द्यावा लागला. तुम्ही सरळ स्ट्रिंगच द्या. मशीनचं घड्याळ मागे गेलं तर काय, हे मात्र तुम्हाला सांभाळावं लागतं.

स्ट्रीम (रेडिसमधली क्रमाने वाढणारी नोंदींची यादी) वापरत असाल तर नोंद घालणाऱ्या एक्सॲडला आयडीच्या जागी तारा (*) द्या, रेडिस स्वतःच मिलिसेकंद-डॅश-क्रम असा आयडी देतो, आणि घड्याळ मागे गेलं तर शेवटच्या आयडीची वेळ धरून क्रम वाढवत राहतो, त्यामुळे एका स्ट्रीममधे आयडी कधी मागे येत नाही.

शेवटची पायरी: स्वतःच मारून बघा

लॅपटॉपवर ताजा रेडिस डीफॉल्ट सेटिंगवर सुरू करा, पन्नास वेळा इन्कर करा, लगेच दुसऱ्या टर्मिनलमधून किल डॅश नाइनने प्रोसेस तडकाफडकी मारा. परत सुरू करून गेट करा. निल. पन्नासच्या पन्नास गेले, कारण ५ मिनिटांत १०० बदल झाले नव्हते आणि तास उलटला नव्हता.

आता कॉन्फिग सेट अपेंडओन्ली यस करा, त्यानंतर कॉन्फिग रीराइट करायला विसरू नका, नाहीतर बदल फक्त चालू प्रोसेसपुरता राहतो आणि रीस्टार्ट झाल्यावर रेडिस एओएफकडे ढुंकूनही बघत नाही (रीराइट चालायला रेडिस कॉन्फिग फाइल देऊन सुरू केलेला पाहिजे, नुसता सुरू केला असेल तर एरर येईल). परत पन्नास इन्कर, परत किल, परत सुरू. या वेळी ५० दिसतील, कारण नुसती प्रोसेस मेली, ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलेलं लिखाण शाबूत होतं. ते सेकंदाचं नुकसान दिसायला मशीनची वीजच जावी लागते, आमच्याकडे गुरुवारी जाते, तेव्हा एकदा तेही करून बघितलंय.